बोटाचा काय दोष?

“माप तर तुम्हीच पाठवलंत ना?”

दुकानदाराच्या या एका वाक्यावर आमच्याकडचे सगळे गप्प झाले. नातीचा साखरपुडा होता, अलिबागला, भर मे महिन्यात. ऑनलाइन मागवलेली अंगठी पेरावर येऊन अडकली, ती साबण लावूनही पुढे सरकेना. पाहुण्यांतलं कुणीतरी हसत म्हणालं, “लग्नाआधीच जाड झाली वाटतं!” पोरीचा चेहरा उतरला. माझा राग आहे तो इथे.

अहो, बोट म्हणजे काय लाकूड आहे? माप घेतलं जानेवारीत, सकाळच्या गारव्यात. अंगठी घातली मे महिन्यात, आमच्या किनाऱ्यावरच्या घामट उकाड्यात, चार तास उभं राहिल्यावर. बोटं सुजणारच. पण दुकानवाल्यांच्या सूचना दोन ओळींच्या: दोरा गुंडाळा, पट्टीवर मोजा. दोरा ताणला जातो, गाठीत जाडी जाते, हे सांगायचं कोणी? आणि पेराचं नावच नाही!

मी मराठीची बाई, पण शिक्षक कमी पडले की गणिताचे तासही घ्यावे लागत, म्हणून हिशोब सांगते. आपल्याकडे अंगठीचा नंबर साधारणपणे आतल्या परिघाच्या मिलिमीटरांतून 40 वजा करून येतो. परीघ 52, तर नंबर 12. म्हणजे एका मिलिमीटरची चूक झाली की एक नंबर चुकला. जुन्या अंगठीचा व्यास पट्टीने मोजायला सांगतात, ते तर आणखी वाईट. व्यासात अर्धा मिलिमीटर चुकलात की दीड नंबर गेला. मोबाइलवरच्या वर्तुळांचं तर बोलूच नका, प्रत्येक पडद्यावर ती लहानमोठी दिसतात. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, तेवढं तरी पडद्यावर ताडून पाहा.

कोलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली आमच्या अलिबागला आली, ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मापं बिघडणार म्हणून. शास्त्रज्ञ मापासाठी गाव बदलतात आणि आम्ही सुताचा तुकडा घेऊन नातीच्या बोटाला नावं ठेवतो! असो.

घरी मोजूच नका, असं मी म्हणत नाही. सगळ्यांना सराफाकडे जाणं जमत नाही. पण कागदाची न ताणणारी पट्टी घ्या. संध्याकाळी मोजा, दोन-तीन दिवस मोजा, ज्या हातात घालायची त्याच हाताचं बोट मोजा, आणि पेरही मोजा. पेर जाड असेल तर दोन्हींच्या मधलं माप धरा. पट्टा रुंद असेल तर अर्धा-एक नंबर वाढवा.

आणि दुकानदारांनो, तुम्हीही ऐका. सोन्याच्या शुद्धतेसाठी सरकारने 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा केला. मापाची जबाबदारी मात्र सगळी गिऱ्हाइकाची? घडणावळ मोजून घेता, मग आधी मापाच्या कड्या घरी पाठवायला काय होतं? एकदा माप वाढवून द्यायला काय होतं? चहूबाजूंनी खडे असलेली अंगठी सहसा वाढवता येत नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायला काय होतं?

आमची अंगठी नशिबाने साधी होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या सोनाराने नातीच्या बोटात तीन कड्या घालून पाहिल्या, अंगठी कापली, तुकडा घालून डाख दिला. चूक कोणाची, हे त्याने विचारलं नाही.