पुण्याच्या वाड्यांसाठी दुरुस्ती निधी : पुणेकरांना जाहीर आवाहन



दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की महापालिका पेठांमधल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांना नोटिसा बजावते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे २६४ वे कलम तिला तो अधिकार देते. इमारत धोकादायक असेल तर ती दुरुस्त करा, टेकू द्या किंवा उतरवून घ्या, असा नोटिशीचा आशय असतो. माणसांचे जीव वाचवण्यासाठी हे करावेच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोटीस हातात पडल्यावर दुरुस्तीचा पैसा कुठून आणायचा, हे आपले शहर विचारत नाही, आणि म्हणून कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठांमधले वाडे एकेक करून उतरवले जातात. त्यांतले काही वारसा यादीतही असतात. अशा मालकाला एक नियम सांगतो की वाड्याच्या रूपाला धक्का लावायचा नाही, आणि दुसरा सांगतो की तो कोसळण्याआधी काहीतरी कर. खर्चाबद्दल दोन्ही गप्प. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात खासगी मालकीच्या वारसा-वाड्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, त्यातून कडक अटींवर मालकाच्या बरोबरीने पैसा घातला जावा, आणि ही मागणी आपण सर्वांनी करावी, कुठल्याही वाड्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही करावी, यासाठी हे आवाहन आहे.

वाडा पडतो कसा, हे आधी नीट पाहायला हवे. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे काही तासांत नेले, ते सगळ्या शहराने पाहिले. त्यानंतरची पडझड संथ आहे, म्हणून ती दिसत नाही. पुण्याचा वाडा लाकडी सांगाड्यावर उभा असतो. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटामातीच्या भिंती, वर कडीपाट आणि कौले. पाणी आत शिरू दिले नाही तर हा सांगाडा दोनशे वर्षेही उभा राहतो. उन्हाळ्यातली शाकारणी चुकली, एखादे पन्हळ फुटले, की पाणी भिंतीत मुरू लागते आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक ओले राहते. तिथे वाळवी लागते, टोक कुजते, तुळई खचते आणि तिचा भार भलत्याच भिंतीवर येतो. त्यातच कुणी चांगल्या हेतूने सिमेंटचा गिलावा करून ठेवला असेल तर मुरलेल्या ओलीला बाहेर पडायची वाटही उरत नाही. मातीच्या भिंतीला चुना किंवा माती लागते, कारण त्यांतून ओल सुकते. थोडक्यात, वाड्याचे मरण पाच-पंचवीस वर्षांच्या चुकलेल्या शाकारणीत असते. वेळेवर फिरवलेली कौले आणि नंतर बदलाव्या लागणाऱ्या सागाच्या तुळया, यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग शाकारणी चुकते का? मालक बेफिकीर म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते, आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. पण त्यामागे कायद्याचा मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला आधार देणारा हा कायदा तेव्हा गरजेचाच होता, पण तो पन्नास वर्षे तसाच चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली प्रमाणभूत भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. मूळ भाडे महिना २० रुपये असेल तर ही वाढ ८० पैशांची होते. अशा दहा बिऱ्हाडांच्या भाड्यातून एका पावसाळ्याची कौलेही येत नाहीत. त्यात वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर चार-पाच पिढ्यांच्या हिस्सेदारांची नावे असतात, त्यांतले निम्मे गावाबाहेर, आणि कोणा एकाने खर्च केला तर बाकीचे तो देतील याची शाश्वती नसते. भाडेकरूला स्वस्त घर मिळावे, हा सार्वजनिक निर्णय होता. वाड्याचे रूप बदलू नये, हाही सार्वजनिक निर्णय आहे. दोन्ही निर्णय योग्य मानले तरी त्यांची किंमत एकाच घराण्याच्या माथी मारली गेली, आणि ती त्याला पेलली नाही तेव्हा वाड्यालाच मोजावी लागली. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आहे. समाजाने ज्या वस्तूवर हक्क सांगितला, तिच्या खर्चातही समाजाने वाटा उचलला पाहिजे.

खासगी मालमत्तेवर करदात्यांचा पैसा कसा खर्च करायचा, असे विचारणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. हा प्रश्न महाराष्ट्राने १९६९ मध्येच सोडवला आहे. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबई बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले. १९,६४२ खासगी इमारती या योजनेत होत्या. ते काम पुढे म्हाडाकडे गेले. म्हणजे खासगी छपराखाली सार्वजनिक पैसा घालण्याचे तत्त्व आपल्या राज्यात पन्नास वर्षांहून जुने आहे. त्या योजनेचे अपयशही आपण लपवू नये. पैसा अपुरा पडला, कामे रेंगाळली, आणि इमारत राहण्याजोगी ठेवणे एवढेच उद्दिष्ट असल्याने लाकडाच्या जागी लोखंड आणि सिमेंट आले. काळा घोड्याजवळचे एस्प्लनेड मॅन्शन या अपयशाचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून एकोणिसाव्या शतकात उभारलेले हे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. मालकी खासगी, आत भाडेकरू, इमारत उपकरप्राप्त आणि वारसा यादीतही. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून माणूस दगावला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. वारसा यादीने तिला पाडू दिले नाही, पण सावरण्याइतका पैसाही तिच्यामागे उभा राहिला नाही. यादी आणि निधी वेगवेगळे ठेवले की काय होते, ते या एका इमारतीत दिसते.

आणि वाड्यांच्या बाबतीत सार्वजनिक संपत्ती आजही खर्च होतेच आहे, फक्त उलट दिशेने. भाडेकरू असलेला जुना वाडा पाडून नवी इमारत बांधली तर नियमांनुसार वाढीव चटईक्षेत्र मिळते. चटईक्षेत्र ही शहराची मालमत्ता आहे. त्याच्या बदल्यात येणारी वाढीव माणसे, वाहने, पाणी आणि सांडपाणी याच अरुंद पेठांना सोसायचे असते. भाडेकरूंना पक्के घर मिळण्यासाठी ही सवलत आहे, हे मान्य. पण वाडा पाडणाऱ्याला शहर भरघोस देते आणि राखू पाहणाऱ्याला देत नाही. हिशेब असा मांडला असेल तर कोणताही शहाणा मालक काय निवडेल?

सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक आहे, आणि तो मी पूर्ण आदराने घेतो. वाडे पेशव्यांचे, सरदारांचे, सावकारांचे. ज्यांना त्यांच्या ओसरीवर पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या करातून ते का सजवायचे? हे विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे. उत्तरासाठी बुधवार पेठेकडे पाहू. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती भिडे वाड्यात, एका खासगी वाड्यात. पुढे तो वाडा खासगी हातांतच राहिला, आणि जागेच्या संपादनाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. तोवर वाडा इतका खचला की २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागल्यावर डिसेंबरमध्ये तो उतरवावा लागला. तिथे आता स्मारक होईल, ते व्हायलाच हवे. पण ज्या भिंतींनी त्या मुलींचा आवाज ऐकला, त्या आता नाहीत. वाद चालू असतानाही छप्पर शाकारून ठेवण्याची, तुळयांना आधार देण्याची तरतूद असती तर कदाचित त्या राहिल्या असत्या. वाड्याचे मोल मालकाच्या आडनावावरून ठरत नाही, हे भिडे वाड्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्या वाड्याने सांगितले आहे? म्हणूनच निधीसाठी वाडे निवडताना तिथे कोण राहिले, कोणती चळवळ, शाळा, छापखाना वा तालीम चालली, याला नक्षीदार महिरपीइतकेच वजन हवे.

श्रीमंत मालकाची मिळकत आपल्या पैशाने फुगेल, ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर अटींमध्ये आहे. इंग्लंडने १९५३ च्या कायद्याने खासगी ऐतिहासिक घरांना अनुदाने द्यायला सुरुवात केली आणि बदल्यात लोकांना ती घरे पाहू देण्याची अट घालण्याची पद्धत रुजवली. नेदरलँड्समध्ये १९८५ पासून एक राष्ट्रीय निधी मालकांना कमी व्याजाने कर्ज देतो. परतफेडीचा पैसा फिरून पुढच्या इमारतीला मिळतो. आपल्याकडे दोन्हींचा मेळ घालता येईल. दर्शनी भाग, छप्पर आणि मूळ सांगाडा एवढ्यापुरतेच अनुदान असावे, आतल्या सुखसोयींना एक पैसाही नको. मालकाचा वाटा आधी जमा व्हावा. अनुदानाचा बोजा मिळकत पत्रिकेवर चढवावा, आणि ठरावीक मुदतीत वाडा विकला तर ती रक्कम व्याजासह निधीत परत यावी. भाडेकरूंना हुसकावले तर अनुदान रद्द. वर्षातले काही दिवस चौक आणि ओसरी शाळांसाठी, अभ्यासकांसाठी खुली राहावी. या अटी ज्याला जाचक वाटतील त्याने निधीकडे येऊ नये.

यापेक्षा वाडे ताब्यात घ्यावेत, असे काही जण सुचवतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभावाने ठरलेल्या मोबदल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. पेठांमधल्या जमिनीचे भाव पाहता एका वाड्याच्या संपादनाच्या पैशात अनेक वाड्यांची छपरे सावरता येतील. शिवाय संपादनानंतर माणसे बाहेर जातात आणि वाडा कुलुपात पडतो. आपल्याकडे जुन्या कायद्यांतही मधला मार्ग आहे. १९०४ च्या स्मारक कायद्यापासून मालकी खासगी ठेवून देखभालीची जबाबदारी शासनाकडे घेण्याची, मालकाशी करार करण्याची सोय आहे. हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर हाही उपाय सांगितला जातो, आणि तो जरूर वापरावा. पण त्याचा भाव बाजाराप्रमाणे चढतो-उतरतो, आणि हक्क विकून आलेला पैसा कौलांवरच खर्च होईल याची खात्री केवळ हक्क दिल्याने मिळत नाही.

रस्ते, पाणी, दवाखाने आधी, या म्हणण्याशी माझा वाद नाही. त्यांच्या तरतुदीतला रुपया काढा, असे कोणी म्हणत नाही. सुरुवात छोटी असावी आणि ती शाकारणीपासून, आधारांपासून व्हावी, कारण तिथे थोड्या पैशात जास्त वाचते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहराच्या सांस्कृतिक अंगाची जोपासना हे पालिकेच्या कामांत धरले आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे उद्योगांचा सामाजिक निधीही ऐतिहासिक इमारतींसाठी वापरता येतो, तो या निधीला जोडावा. आणि विश्रामबाग वाडा, नाना वाडा यांचे जतन करताना महापालिकेने लाकूड आणि चुन्याचे काम जाणणाऱ्यांकडून कामे करून घेतली आहेत. अनुभव घरातच आहे.

राहिला ठेकेदारीचा संशय. तो पुण्यात कुणालाही येईल आणि यावाच. त्यासाठी प्रत्येक वाड्याच्या कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे, मोजमाप पुस्तकाची पाने आणि दिलेली देयके सर्वांना पाहता यावीत, पैसा टप्प्याटप्प्याने मिळावा, आणि प्रत्येक टप्प्याला संवर्धनाचे काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाची सही लागावी.

तेव्हा, नागरिकांनो, आयुक्तांचे अंदाजपत्रक तयार होण्याआधी महापालिकेला पत्र लिहा आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्याची प्रत द्या. पत्रात वारसा-वाड्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, वर सांगितलेल्या अटी आणि पहिल्या वर्षी यादीतल्या सर्व वाड्यांच्या छपरांची तपासणी एवढ्या तीन गोष्टी मागा. गणेश मंडळांनी आणि गृहसंस्थांनी ठराव करून पाठवावेत. वास्तुशास्त्र महाविद्यालयांनी वाड्यांच्या मोजणीसाठी विद्यार्थी द्यावेत. वाड्यांच्या मालकांना विनंती अशी की निधीची वाट न पाहता यंदाची शाकारणी करून घ्या आणि हिस्सेदारांची संमती आत्ताच लेखी घ्यायला लागा, कारण उद्या निधी आला तरी सह्यांअभावी तो परत जाईल. भाडेकरूंनीही यात उतरावे. छप्पर गळते ते त्यांच्याच डोक्यावर. मालक आणि भाडेकरू यांच्या सह्या एकाच अर्जावर असतील तर महापालिकेला त्या वाड्यावर नोटीस लावून मोकळे होणे अवघड जाईल.