खजिनदारी

यंदाच्या मे महिन्यात पुतण्याने मला आपल्या राज्याचा खजिनदार नेमले. राज्य अर्थात कागदावरचे! 'पाथफाइंडर' या खेळात २०१० साली 'किंगमेकर' नावाची मोहीम निघाली. राक्षस मारून मोकळा केलेला मुलूख तीत खेळणाऱ्यांनीच पुढे सांभाळायचा. नकाशावर षट्कोनी घरे. एक घर बारा मैल रुंद, आणि कारभाराची एक फेरी म्हणजे एक महिना.

लढाईत मला गती नाही. पण नियमांची पोथी हाती आली आणि मराठीच्या या मास्तराला हिशेबाची चटक लागली. कर अगदी वरच्या पायरीला नेला, तर अर्थबळ चारांनी चढते, राजनिष्ठा आठांनी उतरते. वर्षाला सण किती, हेही दरबारानेच ठरवायचे. चोवीसपर्यंत मुभा, खर्च अर्थातच तिजोरीचा. मी कर शेंड्याला नेला, सण साफ बंद केले.

"घरातलीच सवय!" सौभाग्यवती म्हणाल्या.

तिजोरी फुगली, तशी अशांतताही. ती अकरावर पोचली की एक घर गमवावे लागते. कोणते, ते दरबाराने निवडायचे. वही पाहून मी एका उजाड टेकडीवर बोट ठेवले. छदाम उत्पन्न नव्हते तिचे.

सगळे गप्प. पुतण्याच्या मित्राचा पहिला वीर त्या टेकडीवर पडला होता. तिथेच त्याला पुरले होते. मित्राने रबर मागून घेतले आणि स्वतःच ती पुसली.

पुढल्या फेरीत मी बारा सण मांडले. कुणी हरकत घेतली नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही.