घर आणि घरातील माणसे : कोरडे अंथरूण
वार्धक्य म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु या उपमेत एक मोठी उणीव आहे. अंथरूण ओले केलेले मूल सकाळी हसतच उठते. वृद्ध माणूस मात्र त्याच कारणाने दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देत नाही. म्हणून वृद्धांसाठी गादी निवडताना केवळ गादीचा विचार करून भागत नाही. त्यांच्या मानाचाही विचार करावा लागतो.

हा अनुभव माझ्या घरातीलच आहे. चार वर्षांपूर्वी सासूबाई गावचे घर बंद करून आमच्याकडे दिल्लीला राहावयास आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची कापसाची गादीही आली. पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या धुक्याच्या दिवसांत, त्या पहाटे उठून स्वतः चादर धुऊ लागल्या. विचारले तर “सवयच आहे, सूनबाई,” एवढेच म्हणत. पुढे ध्यानात आले की, संध्याकाळनंतर त्यांनी पाण्याचा घोट घेणेही सोडले होते. एके दिवशी गादी उचलून पाहिली आणि सारा उलगडा झाला. कापूस आतपर्यंत भिजून त्याचे गोळे झाले होते, आणि त्या दिवसांत ती वाळवावयास ऊनही नव्हते.

अशा वेळी गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे, हे मी प्रथम सांगेन. लघवीवर ताबा न राहणे हा वार्धक्याचा अटळ भोग आहे, अशी समजूत रूढ आहे. ती खरी नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, मधुमेह, पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, किंवा रक्तदाबासाठी घेतलेली लघवी वाढविणारी गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि त्यांतील बहुतेकांवर उपाय आहेत. पाणी तोडल्याने तर दुखणे वाढते. लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह होतो, आणि बद्धकोष्ठाचीही भर पडते. सासूबाईंना संसर्गच झाला होता. औषधाने पुष्कळ उतार पडला, परंतु रात्रीचा त्रास थोडा राहिला. मग गादीचा प्रश्न हाती घेतला.

येथे आमची पहिली चूक झाली. दुकानदाराने दाखविलेली जाड रेक्झिनची गादी आम्ही निमूटपणे घेऊन आलो. मे महिना लागताच तिच्यावर पाठ घामाने चिंब होऊ लागली, अंगावर पुरळ उठले, चादर घसरू लागली. कूस बदलली की गादी करकरे ती निराळीच. “ही तर दवाखान्यातली खाट झाली,” असे म्हणून सासूबाईंनी एका रात्री खाली सतरंजी अंथरली.

त्यानंतर जे शिकले ते असे : गादी आणि तिचे जलरोधक आवरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कापूस असो, फोम असो वा काथ्या असो, उघडी गादी पाणी आत जाऊ देते. तिला वाचविते ते आवरण. म्हणून गादी साधी पण भरीव घ्यावी आणि खर्च आवरणावर करावा. शक्य तर आवरणे दोन घ्यावीत, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरे उपयोगी पडते.

आवरणांत स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला रबरी कापडाचा किंवा रेक्झिनचा. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने 1823 साली रबर लावलेल्या कापडाचे पेटंट घेतले. आजही रुग्णालयांतील परिचारिका अशा कापडाला त्याच्याच नावाने ओळखतात. हे कापड पुसावयास सोपे; परंतु ते घामाची वाफही अडवून धरते. दुसरा प्रकार वरून सुती आणि खालून पॉलियुरेथेनचा पातळ थर असलेला. यातून पाणी जात नाही, पण वाफ निसटू शकते. शिवाय ते आवाज करीत नाही. हिंडत्याफिरत्या माणसासाठी हा दुसरा प्रकार उत्तम. ज्यांचे मलमूत्र अंथरुणातच होते, त्यांच्यासाठी पुसता येणारे आवरण सोयीचे; मात्र त्यावर सुती चादर असावीच.

आवरण घेताना पलंगाची नव्हे, तर गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून न्यावी. चारी बाजूंनी झाकणारी साखळीची खोळ सर्वांत सुरक्षित. मध्यभागी शिवण असलेले आवरण टाळावे. सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते. घरी आणल्यावर त्याखाली वर्तमानपत्र ठेवून वर पेलाभर पाणी ओतावे आणि तळहाताने दाबून पाहावे, कारण शरीराच्या भारानेच गळती होते. कागद कोरडा राहिला तर आवरण खरे. आणखी एक गोष्ट : नव्या गादीने पलंग उंच होतो. वृद्ध माणूस काठावर बसला असता त्याचे दोन्ही तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत. नाहीतर रात्री उतरताना पडण्याचे भय.

आवरणावर एक चादर आणि तिच्यावर कमरेपासून गुडघ्यांपर्यंत एक आडवी लहान चादर घालावी. रात्री तेवढीच बदलली की पुरते. सारे घर जागे करावे लागत नाही. याहून अधिक थर नकोत, कारण सुरकुत्यांनी नाजूक कातडी सोलते. भिजलेले आवरण प्रथम थंड पाण्याने, मग साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. इस्त्री व कपडे पांढरे करणारे तीव्र द्रव्य त्याला वर्ज्य.

ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांचे मात्र एवढ्याने भागत नाही. त्यांच्या माकडहाडावर, टाचांवर शय्याव्रण होण्याचा धोका असतो. पंपाने हवा भरणारी गादी तेथे साहाय्य करते. तरी ठरावीक वेळाने, साधारणतः दर दोन तासांनी, कूस बदलून द्यावीच लागते. ओली कातडी न घासता हलकेच टिपून कोरडी करावी आणि रोज नजरेखालून घालावी.

आमच्या घरी आता पलंगापासून स्नानगृहापर्यंत एक मंद दिवा रात्रभर जळतो. नवे आवरण सासूबाईंनी स्वतः हात लावून निवडले. ते चादरीखाली आहे, हे पाहुण्यांना कळतही नाही. ज्या वाचकांना जवळ विचारावयास कोणी नसेल, त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी 2021 पासून देशभर चालू असलेल्या 14567 या दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन घ्यावे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांशी या विषयावर बोलावे. एकांतात, हलक्या आवाजात, पण बोलावे. परवा सासूबाईंनी दिवेलागणीला मला हाक मारली. “सूनबाई, तांब्या रिकामा झाला गं, भरून ठेव,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा आपली निवड योग्य ठरली, असे मला मनापासून वाटले.