यानालाही ‘माया’ लागते!

मुलीच्या हातात कात्री आणि फेविकॉल दिला, की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक गोष्टी येतात. कागदाची फुलं, शुभेच्छापत्रं, दाराचं तोरण, फार तर दिवाळीचा कंदील. तीच कात्री मुलाच्या हातात असेल तर विमान, रणगाडा, रोबो. ही वाटणी कुणी केली आणि कधी केली, कोण जाणे! पण आपण सगळ्याजणी ती मुकाट्याने पाळत आलो आहोत. आज मला या वाटणीबद्दलच बोलायचंय, तेही एका साध्या, फुकट मिळणाऱ्या गोष्टीच्या निमित्ताने. ती गोष्ट म्हणजे विज्ञानकथांवरच्या सिनेमांतल्या आणि मालिकांतल्या यानांच्या, यंत्रमानवांच्या कागदी प्रतिकृती.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमातलं एखादं यान घ्यायचं, त्याच्या सगळ्या बाजू उलगडून सपाट कागदावर मांडायच्या, रंग भरायचे आणि ती पानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून द्यायची. ज्याला हवी त्याने छापून घ्यावीत, कापावीत, दुमडावीत, चिकटवावीत. जगभरातले हौशी लोक हे काम करतात आणि त्यातले पुष्कळजण एक पैसाही घेत नाहीत. उलगडण्याच्या किचकट कामासाठी आता सॉफ्टवेअर आहेत, जपानमध्ये तयार झालेलं ‘पेपाकुरा डिझायनर’ त्यातलं प्रसिद्ध. कापणं-चिकटवणं मात्र अजूनही आपल्या हातानेच.

यातलं सगळ्यात सोपं म्हणजे बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतलं ‘टार्डिस’. काळातून प्रवास करणारं हे यान बाहेरून दिसतं इंग्लंडमधल्या जुन्या, निळ्या पोलीस टेलिफोनच्या खोक्यासारखं. म्हणजे कागदकामाच्या दृष्टीने चार भिंती आणि एक छप्पर, झालं! मग १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला ‘आर-टू-डी-टू’ हा बुटका यंत्रमानव. अंग डब्यासारखं गोल, डोक्यावर घुमट, आधाराला पाय. आणि अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं ‘एंटरप्राइज’ यान. पुढे भली मोठी थाळी, मागे लांब नळकांडी. हे शेवटचं मात्र हात चांगला बसल्याशिवाय घेऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, या परदेशी खेळण्यांचं आमच्या घरात काय काम? तर ऐका.

मागे एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन पाहायला गेले होते. दारात नटूनथटून मुली उभ्या, हळदीकुंकू लावायला आणि गुलाबपाणी शिंपडायला. आत टेबलांपाशी मुलगे, माहिती सांगायला. यंत्रमानवांच्या टेबलावर कागदाचा छानसा ‘आर-टू-डी-टू’ ठेवला होता. एवढा गुळगुळीत घुमट पाहून मी विचारलं, ‘‘हा कसा रे जमवलास?’’ तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘‘मॅडम, तो मी नाही केला. ती केलाय ना, ती.’’ आणि त्याने बोट दाखवलं दारातल्या एका मुलीकडे. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, तर लाजत म्हणाली, ‘‘आई ब्लाउज शिवते. ती म्हणाली, टक्स घाल म्हणजे फुगा येईल.’’

जिने घुमट उभा केला ती दारात गुलाबपाणी शिंपडत होती! का, तर म्हणे ‘मुलगे धीटपणे बोलतात.’ अहो, बोलायला उभंच केलं नाही तर धीटपणा येणार कुठून?

पण मला त्या मुलीच्या आईबद्दल जास्त सांगायचंय. त्या माउलीला विचारलं असतं, तर ‘आम्हाला काय कळतंय त्या सायन्समधलं’ असंच म्हणाली असती. आपल्यापैकी किती जणी रोज असं म्हणतो! आणि तिने मुलीला जे सांगितलं, ती खरं तर भूमितीतली एक मोठी गोष्ट आहे.

कसं ते पाहा. सपाट कागद गुंडाळला की नळकांडं होतं. तिरका गुंडाळला की शेंगदाण्याचा पुडा होतो. पण त्याच कागदाने चेंडू झाकून दाखवा बरं! सुरकुत्या पडणारच. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली हे सिद्ध करून ठेवलंय, की गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-आवळल्याशिवाय सपाट होत नाही आणि सपाटाचा गोल होत नाही. म्हणूनच शाळेच्या भिंतीवरच्या कित्येक नकाशांत ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे!

मग कागदाचा घुमट करायचा कसा? एक तर कलिंगडाच्या फोडींसारख्या पाकळ्या कापून त्या कडेला कड जोडायच्या, नाहीतर जास्तीचा कागद त्रिकोणात काढून टाकून कडा जवळ आणायच्या. आता मला सांगा, ब्लाउजचे टक्स म्हणजे दुसरं काय? कटोरी ब्लाउज बेतताना आपण वेगवेगळे तुकडे जोडून सपाट कापडाला गोलाई आणतो, ते दुसरं काय? कागदी मॉडेलच्या प्रत्येक तुकड्याला कडेने एक पांढरी पट्टी सोडलेली असते, चिकटवण्यासाठी. इंग्रजीत तिला काहीही म्हणोत, आपल्याकडे तिला हक्काचा शब्द आहे, ‘माया’. शिवणात दोन बोटं माया ठेवतो ना, तीच ही. माया विसरलात तर ना ब्लाउज अंगात बसणार, ना यान उभं राहणार.

हे मी उगाच ओढूनताणून जोडत नाहीये. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांच्या अंगातले पोशाख कुणी शिवले होते ठाऊक आहे? अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या, बायकांची अंतर्वस्त्रं करणाऱ्या ‘प्लेटेक्स’ची मूळ कंपनी ‘आयएलसी’ने. हवाबंद असूनही गुडघ्यात, कोपरात वाकेल असा पोशाख हवा होता, आणि शरीराची गोलाई कापडात कशी आणायची हे तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. एका पोशाखात २१ थर. आत एखादी टाचणी राहून गेली तर हवा गळून अंतराळवीराच्या जिवावर बेतायचं! एलिनॉर फोरेकर हे त्यातल्या एका शिवणकारिणीचं नाव. चंद्रावर पाऊल कुणी ठेवलं हे आपल्या पोरांना पाठ असतं, पण त्या पावलाला शिवण घालणारीचं नाव किती जणांना माहीत असतं?

आणि सिनेमातली यानं तरी कुठे आकाशातून पडली होती? ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी कारागिरांनी दुकानात मिळणारे रणगाड्यांचे, जहाजांचे प्लॅस्टिकचे संच आणले आणि त्यांचे सुटे भाग यानांवर चिकटवले. ‘एंटरप्राइज’चं चित्रीकरणासाठी केलेलं ११ फुटी मॉडेल लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्र्याचं होतं. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मानाने ठेवलंय. म्हणजे ज्या यानांनी जगाला वेड लावलं ती हातानेच, कापून-चिकटवून झाली होती.

त्या ‘स्टार ट्रेक’मध्ये यानाच्या कक्षात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकाऱ्याच्या भूमिकेत बसलेली दिसायची. तिला पडद्यावर पाहून मे जेमिसन नावाच्या एका कृष्णवर्णीय मुलीला वाटलं, आपणही तिथे असू शकतो. १९९२ साली जेमिसन खरोखरच अंतराळात गेली, अशी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली आणि पुढच्या वर्षी त्याच मालिकेच्या नव्या पर्वात एका भागात झळकली. मुलीला नजरेसमोर काय दिसतं, हातात काय येतं, यावर ती कसली स्वप्नं बघणार हे ठरत असतं बायांनो!

आता नेहमीचे आक्षेप. ‘अभ्यास सोडून हे काय?’ पण घडी, कोन, समांतर रेषा, त्रिज्या हे सगळं इथे बोटांना समजतं. प्रोजेक्ट म्हणून दुकानातून तयार वस्तू विकत आणून देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ‘पसारा होतो.’ होतोच. रांगोळीचाही होतो, पण तो आपल्याला चालतो. ‘खर्च?’ पानं फुकट, छपाई मात्र फुकट नाही. रंगीत प्रिंट परवडत नसेल तर काळी-पांढरी काढा आणि मुलांकडून रंगवून घ्या, ते अधिकच छान.

फुकट या शब्दाबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलते. कुणीतरी अनोळखी माणसाने रात्री जागून ते आकार बसवलेले असतात. त्यांचं नाव पानावर असेल तर ते कापून टाकू नका, मॉडेलच्या तळाशी लिहा. शिवाय ही पात्रं आणि यानं त्या त्या चित्रसंस्थांच्या मालकीची आहेत. घरात खेळायला, शाळेत दाखवायला करणं वेगळं आणि जत्रेत स्टॉल लावून विकणं वेगळं. ते करायचं नाही. आपल्या पाककृती कुणी बिननावाने छापल्या तर आपल्याला राग येतोच ना?

सुरुवात करायचीच असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. साधा झेरॉक्सचा कागद लेचापेचा पडतो, थोडा जाड, कार्डासारखा कागद घ्या. दुमडायच्या आधी संपलेल्या बॉलपेनने, पट्टी लावून रेघेवर दाब द्या, घडी सुरीसारखी धारदार येते. तुटक रेघेवर कापायचं नसतं, तिथे घडी घालायची. डोंगरासारखी बाहेर की दरीसारखी आत, ते पानावर सांगितलेलं असतं. फेविकॉल थेट बाटलीतून ओतू नका, काडेपेटीच्या काडीने पातळ लावा. आणि एक तुकडा पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. पहिल्यांदा खोक्याचं ‘टार्डिस’, मग डबा आणि घुमटवाला ‘आर-टू-डी-टू’. सिनेमा कंटाळवाणा वाटत असेल तर ‘नासा’ही आपल्या खऱ्याखुऱ्या यानांच्या आणि दुर्बिणींच्या कागदी प्रतिकृती फुकट देते. कॅसिनी करा, जेम्स वेब करा.

आणि हो, सगळं आपणच करून देऊ नका. मुलीच्या हातून वाकडं कापलं गेलं तर जाऊ द्या, ते तिचं वाकडं आहे. तुम्ही फक्त शेजारी बसा. गोलाई जमत नसेल तेव्हा आपला एखादा उसवलेला जुना ब्लाउज तिच्यासमोर पसरा आणि म्हणा, ‘बघ बाई, याला आम्ही टक्स म्हणतो, आणि ही माया.’ शाळेत कुणी विचारलं तर हे कुठून शिकलीस ते तिने बिनधास्त सांगावं, ‘आईकडून’. आणि पुढच्या प्रदर्शनात जिने मॉडेल केलं तीच टेबलापाशी उभी राहून माहिती सांगेल, एवढं मात्र पालकसभेत उठून आपण मागायचं. गुलाबपाणी शिंपडायला काय, चार मुलगेही उभे राहतील की!