'जेवलास का?' एवढ्यावर भागत नाही

आईवडिलांना भावना व्यक्त करता येत नाहीत, ही विशी-पंचविशीतल्या मुलांची तक्रार अर्धीच खरी आहे. चाळीत किंवा एकत्र कुटुंबात वाढलेल्या पिढीला एकांत मिळालाच नाही. वडीलधाऱ्यांदेखत स्वतःच्या लेकराचे लाड करणे तिथे अप्रशस्त मानले जाई. गिरणगावातला चाकरमानी कोकणात मनीऑर्डर धाडायचा, आणि तिच्या फॉर्मवर मजकुराला जागा असायची ती जेमतेम. माया कृतीतूनच पोचवायची, हे वळण अशा जगण्यातून पडले. फी वेळेवर भरणे, 'जेवलास का?' विचारणे, पहाटे एसटी स्टँडवर सोडायला येणे, हे सगळे त्यातलेच. आजच्या मुलांकडे मात्र स्वतःचा फोन आहे आणि 'एकटं वाटतंय' असे मित्राला लिहिण्याची सवयही.

कृती हेच खरे प्रेम, शब्द फुकाचे, असे कुणी म्हणेल. प्रेमापुरते ते मान्य करू. (रोज 'लव्ह यू' म्हणणारे सगळेच प्रेमळ असतात असे नाही.) दुःखाला हा नियम लागू पडत नाही. नोकरी गेलेल्या मुलाला गरम पोळी वाढली म्हणजे त्याचे ऐकून घेतले असे होत नाही. उलट 'आम्ही काय कमी केले?' या प्रश्नाने त्या पोळीचाही हिशेब होतो आणि मूल गप्प बसते. म्हणून बदलायचे आहे ते पालकांनी. मुलांना आईबापांची कृती वाचता येते, ती त्यातच वाढली. उपदेश न करता ऐकणे पालकांना शिकावे लागेल. घरात जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो फोन पालकांनीही करावा.