डॉक्टरांच्या खिशांतील यंत्र

रोग्यास तपासतां तपासतां डॉक्टरांनीं मध्येंच खिशांतून मोबाईल काढला आणि ते त्यांत पाहूं लागले, म्हणजे शेजारीं बसलेल्या वडील माणसाच्या कपाळास आठी पडते. फी आपण द्यावयाची आणि डॉक्टरांनीं निरोप वाचावयाचे, हा कोठला न्याय, असें त्यांस वाटतें. ही आठी नेहमींच अनाठायीं असते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुष्कळ वेळां त्याच क्षणीं डॉक्टर लहान मुलाच्या वजनाच्या मानानें औषधाचा डोस काढीत असतात, किंवा रोगी आधींच घेत असलेल्या गोळीशीं नव्या गोळीचें पटेल कीं नाहीं हें पडताळून पाहत असतात. यंत्र एकच, तें रोग्याच्या कामीं लागलें आहे कीं डॉक्टर आणि रोगी यांच्या आड आलें आहे, हें बाहेरून पाहणारास कळावें कसें? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वैद्यकांत शिरलेल्या प्रत्येक नव्या साधनाकडे लोकांनीं आरंभीं संशयानेंच पाहिलें आहे. सन १८१६ मध्यें पॅरिसच्या लेनेक नामक डॉक्टरानें कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लाविली, आणि तींतून आजचा स्टेथोस्कोप निघाला. छातीस कान लावण्याऐवजीं मध्यें नळी कशाला, असें म्हणणारे तेव्हांही होतेच. ताप मोजण्याची कांचेची नळी एके काळीं इतकी लांब असे व तिला इतका वेळ लागे, कीं ती घेऊन घरोघर हिंडण्याचा विचारही कोणी करीत नसे. १८६६ च्या सुमारास ऑलबट या इंग्रज वैद्यानें ती सहा इंचांवर आणिली, तेव्हां कोठें ती डॉक्टरांच्या खिशांत जाऊन बसली. दूरध्वनीची गोष्ट तर याहूनही गमतीची आहे. बेल यांनीं तो १८७६ सालीं सिद्ध केला, आणि अवघ्या तीन वर्षांनीं, १८७९ मध्यें, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एक हकीकत छापून आली. मध्यरात्रीं एका घरून डॉक्टरांस बोलावणें गेलें. मुलास घशाचा घातक विकार झाला असें घरच्यांस भय वाटत होतें. डॉक्टरांनीं मुलास यंत्राजवळ धरावयास सांगितलें, त्याचा खोकला ऐकिला, आणि हा तो विकार नव्हे असें सांगून सर्वांस निजावयास लाविलें. तेव्हां घरीं न येतां रोगी पाहण्याची ही रीत आजकालची नव्हे.

मात्र ही रीत कोणाच्या खऱ्या उपयोगाची, हें पुण्या-मुंबईच्या गल्लींत बसून समजावयाचें नाहीं. तेथें एका हांकेच्या अंतरावर चार दवाखाने असतात. त्यासाठीं बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा यासारखें गांव डोळ्यांपुढें आणावें. जिल्ह्याचें ठाणें बीड. परंतु दुखणें मोठें असेल तर येथील माणूस नगरची, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरची, वाट धरतो. नगरहून आष्टीपर्यंतची रेल्वे २०२२ सालीं सुरू झाली हें खरें, पण मध्यरात्रीं छातींत कळ आलेल्या माणसास वेळापत्रकाचा काय उपयोग? त्यांतून या भागांतील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं घराबाहेर पडतात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, आणि कोठें शाळेंत जाणारीं मुलें.

समजा, अशाच एका म्हाताऱ्यास रात्रीं छातींत दुखूं लागलें व शेजाऱ्यांनीं त्याला गांवच्या डॉक्टरांकडे आणिलें. डॉक्टरांनीं ई.सी.जी. काढला, त्यावरील रेषा संशयास्पद आहेत, पण निश्चय होत नाहीं. पूर्वीं अशा वेळीं रोग्यास गाडींत घालून, देवावर हवाला ठेवून, नगरास धाडीत. आज डॉक्टर त्या कागदाचें छायाचित्र मोबाईलवर घेऊन ओळखीच्या हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवितात, आणि थोड्याच मिनिटांत उत्तर येतें. झटका निश्चित असेल आणि अडचण नसेल, तर गुठळी विरघळविणारें इंजेक्शन तेथल्या तेथें देतां येतें. हें औषध पहिल्या बारा तासांत द्यावयाचें असतें, आणि जितकें लौकर द्यावें तितका हृदयाचा अधिक भाग वांचतो. रोगी नगरास पोंचेपर्यंत तेथील मंडळी तयार असते. २०१४ पासून महाराष्ट्रांत चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही याच यंत्रावरून बोलावली जाते. येथें मोबाईल ही चैन नव्हे. वांचलेला वेळ हाच येथें वांचलेला प्राण होय.

आपल्या प्राचीन वैद्यकानें रोगपरीक्षेचीं दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशीं तीन अंगें सांगितलीं आहेत. आमच्या मतें या नव्या यंत्राची किंमत करण्यास ही जुनी फूटपट्टीच उत्तम आहे. प्रश्न तर त्यावरून चांगले विचारतां येतात. दर्शन अर्धेंमुर्धें होतें. स्पर्शन मात्र मुळींच होत नाहीं. पोट मऊ आहे कीं लाकडासारखें कठीण झालें आहे, हें कोणताही पडदा सांगणार नाहीं.

तरी अर्धें दर्शनही कित्येकदां पूर्ण दर्शनाहून मोलाचें ठरतें. मुलास आंकडी येते ती घरीं. दवाखान्यांत पोंचेपर्यंत तें शांत निजलेलें असतें, आणि घाबरलेल्या आईच्या वर्णनांवरून डॉक्टरांस तर्क करावा लागतो. त्या वेळीं घरांतील दुसऱ्या कोणीं मिनिटभराचें चलच्चित्र घेतलें असेल, तर अपस्मार आहे कीं निराळेंच कांहीं आहे, हें ठरविण्यास तज्ज्ञांस मोठीच मदत होते. मुलास खोकला व ताप असतां तें शांत असतांना छाती उघडी करून एक पूर्ण मिनिट असेंच चित्र घ्यावें. त्यावरून डॉक्टरांस श्वास मोजतां येतात. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटास ६० वा अधिक, वर्षाच्या आंतील मुलाचे ५० वा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक श्वास होत असतील, तर न्यूमोनियाची शंका घेऊन मुलास तत्काळ दाखवावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. मात्र मूल निळें पडलें असेल किंवा अंगावर पीत नसेल, तर चित्र घेत बसूं नये.

सर्पदंशाचें उदाहरण याच्या उलट आहे. साप मारून किंवा त्याच्या मागें धांवून त्याचें चित्र काढण्याचा नाद अलीकडे फार वाढला आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारहींवर एकच असतें. यास्तव चित्रापायीं वेळ दवडणें म्हणजे विषास वेळ देणें होय. डॉक्टरांस मात्र अशा वेळीं मोबाईलचा एक अगदीं साधा उपयोग होतो, तो म्हणजे घड्याळाचा. स्वच्छ कोरड्या कांचेच्या नळींत रोग्याचें रक्त घेऊन तें बरोबर वीस मिनिटें न हालवितां ठेवावयाचें, आणि मग गोठलें कीं नाहीं तें पाहावयाचें. न गोठल्यास विषानें रक्तावर घाला घातला आहे असें समजावयाचें. गर्दीच्या दवाखान्यांत तीं वीस मिनिटें विसरूं न देण्यास खिशांतली ही घंटा पुरे.

आतां दुसरी बाजू. सन २०१८ च्या आरंभीं रत्नागिरींत एक दुर्दैवी घटना घडली. शस्त्रक्रियेनें बाळंत झालेली एक तरुण स्त्री प्रकृति बिघडल्यामुळें पुन्हां दवाखान्यांत आली. डॉक्टर गांवीं नव्हते. दूरध्वनीवरून सूचना झाल्या, त्यांबरहुकूम तिला दाखल करून औषधें सुरू झालीं, आणि पुढें ती दगावली. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें संबंधित डॉक्टरांस अटकपूर्व जामीन नाकारला, आणि रोगनिदानावांचून औषध देण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. तो निर्णय जामिनापुरता होता, अपराधाचा अंतिम निवाडा नव्हता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तथापि त्यानें सर्व डॉक्टरवर्ग हादरला. फोनवरून एक शब्दही सांगूं नये, असें कित्येक म्हणूं लागले. त्यांचें भय आम्हांस समजतें. पण कड्याच्या त्या म्हाताऱ्याचें मग काय व्हावें, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नास कांहींसें उत्तर २०२० च्या मार्चमध्यें मिळालें. करोनाच्या सांथीमुळें देश बंद झाला, त्याच २५ तारखेस दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांचा मथितार्थ असा: रोगी फोनवरून तपासण्याजोगा आहे कीं त्यास समक्ष बोलावलें पाहिजे, हें डॉक्टरांनीं आपल्या विवेकानें ठरवावें. डॉक्टरांनीं आपलें नांव व नोंदणी सांगावी आणि रोग्याची ओळख पटवून घ्यावी. ताप-जुलाबाचीं साधीं औषधें कशाही रीतीनें बोलणें झालें तरी लिहून देतां येतात. कांहीं औषधांस पहिल्या भेटींत रोगी पडद्यावर दिसलाच पाहिजे. कांहीं केवळ पूर्वीं समक्ष तपासलेल्या रोग्यासच पुढें चालू ठेवतां येतात. आणि गुंगीचीं व व्यसन लावणारीं औषधें मुळींच देतां येत नाहींत. प्राणावर बेतलें असतां फोनवरून प्राथमिक उपाय सांगून रोग्यास त्वरित दवाखान्यांत पाठवावें. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ची व्यवस्था २०१९ च्या नोव्हेंबरांत निघाली होती; पुढच्या एप्रिलपासून ती घरोघरच्या रोग्यांसही खुली झाली. नियम बारकाईनें पाहिले, तर ते दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रयीचीच आठवण करून देतात: जेथें स्पर्शाची गरज, तेथें यंत्रानें बाजूस व्हावें.

यंत्र लहान झालें म्हणजे उपकार मोठा होतोच असें नाहीं, याचा धडा बीड जिल्ह्यास विशेष ठाऊक आहे. मोबाईलला जोडून पोटाच्या आंतलें चित्र दाखविणारी, मुठींत मावणारी सोनोग्राफीची दांडी आतां निघाली आहे. आडवाटेच्या वस्तीवर अडलेल्या गरोदर बाईस ती केवढी उपयोगी पडावी! परंतु डॉक्टरांस ती पिशवींत घालून मनास येईल तेथें नेतां येत नाहीं. यंत्राची नोंदणी लागते. आणि २०१२ च्या नियमांप्रमाणें फिरतें यंत्र नोंदलेल्या दवाखान्याच्या आवारांत दाखल रोग्यांसाठीं, नाहीं तर ठरीव सेवा देणाऱ्या फिरत्या रुग्णालयांतच वापरतां येतें. हा जाच कोणीं ओढवून घेतला? गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्रानें देशांत सर्वांआधीं, १९८८ सालीं, कायदा केला. १९९४ सालीं तो देशाचा झाला. तरीही २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें बीड जिल्ह्यांत मुली अवघ्या ८०७ निघाल्या, आणि सगळ्या राज्यांत हा आंकडा सर्वांत खालचा होता. यंत्रानें कांहीं पाप केलें नव्हतें. तें चालविणाऱ्या हातांनीं आणि तेथवर सुनेस घेऊन जाणाऱ्या घरांनीं केलें. त्याचें प्रायश्चित्त आज सज्जन डॉक्टरांस आणि अडलेल्या बाईस भोगावें लागत आहे. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांनीं हा दोष अडाण्यांच्या माथीं मारूं नये. त्या यंत्राची फी भरण्याची ऐपत कोणाची होती, हें आपलें आपण जाणतोंच.

आणखी एक गोष्ट स्त्रियांच्या लज्जेशीं निगडित आहे, म्हणून स्पष्ट बोलणें भाग आहे. जखमेचें, गांठीचें वा पुरळाचें छायाचित्र तज्ज्ञाकडे पाठविणें उपयोगाचें असतें. पण तें छायाचित्र नंतर कोठें राहतें? डॉक्टरांच्या फोनमध्यें तें त्यांच्या घरच्या लग्नाच्या चित्रांशेजारीं पडून असतें. फोन मुलांच्या हातीं जातो, हरवतो, दुरुस्तीस जातो. चित्र समव्यवसायी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत गेलें असेल, तर तें पन्नास फोनांत शिरतें. रोग्याचें गुपित राखणें आणि त्याच्या संमतीवांचून त्याची ओळख पटेल असें चित्र प्रसिद्ध न करणें, हें डॉक्टरांवर २००२ च्या नीतिनियमांनींच बंधनकारक आहे. शिवाय २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियमही निघून ते टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचे ठरले. कायदा येवो वा न येवो, चेहरा व नांव न येऊं देतां चित्र घेणें आणि काम झाल्यावर तें फोनमधून काढून टाकणें, एवढें सौजन्य प्रत्येक डॉक्टरानें पाळावें. खाटेखाटेवरून फिरणारा फोन हातांप्रमाणेंच स्पिरिटनें पुसावा, हेंही जातां जातां सुचवितों.

रोग्यांच्या घरांचेंही कर्तव्य आहे. डॉक्टरांस निरोप धाडतांना रोग्याचें वय, वजन, ताप किती व केव्हांपासून, चालू औषधें कोणतीं आणि कोणत्या औषधाचें वावडें आहे, एवढें एकाच निरोपांत लिहावें. औषधाच्या पाकिटाचें चित्र काढतांना नांव व मुदत दोन्ही दिसतील असें पाहावें. क्ष-किरणाचा फोटो खिडकीस लावून घेतलेला असेल, तर बारीक दोष त्यांत लपतात. म्हणून मूळ फिल्म जपून ठेवावी. छातींत दुखणें, धाप, बेशुद्धि, एका अंगाची शक्ति जाणें किंवा गरोदरपणांतील रक्तस्राव, यांपैकीं कांहीं असेल तर निरोपाच्या उत्तराची वाट पाहत मुळींच बसूं नये. १०८ फिरवावा आणि निघावें. आणि आपलें छायाचित्र कोणी घेत असेल, तर तें कोणाकडे जाणार आहे व नंतर पुसलें जाईल कीं नाहीं, हें विचारण्यास घरांतील बायकांनीं संकोचूं नये. चांगल्या डॉक्टरांस अशा प्रश्नाचा राग येत नाहीं.

डॉक्टरांस आमची विनंति एवढीच, कीं रोग्यासमोर फोनमध्यें पाहावयाचें असेल तेव्हां एक वाक्य बोलावें: “बाळाच्या वजनाप्रमाणें औषधाचें प्रमाण पाहतों.” त्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं, आणि रोग्याचा विश्वास राहतो. तपासणी चालू असतां आलेला इतर कोणताही निरोप तो रोगी उठून जाईपर्यंत थांबूं शकतो.