आहारविचार : ‘भवति’ आणि सोयाबीन

गेल्या श्रावणांत माझी धाकटी बहीण मंगळवार पेठेंतून आमचे घरीं आली ती चिंतातुर होऊनच. दोन वर्षांपूर्वीं तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली. लक्ष्मीपुरींतून आणलेल्या गव्हांत मूठभर भाजलेलें सोयाबीन घालून दळावयाचें, ही तिच्या घरची रीत. कोणा शेजारणीनें सांगितलें कीं, सोयाबीनमध्यें स्त्रीद्रव्य असतें व तें या रोगास खतपाणी घालतें. सूनबाईंनीं त्याच दिवशीं डबा उचलून ठेविला. “दादा, मग इतके दिवस मी विषच खात होतें काय?” बहिणीनें विचारलें.

वैद्यकाचा अधिकार मजकडे नाहीं. तथापि वाचनांत जें आलें, तें वाचकभगिनींपुढें ठेवितों.

स्त्रीच्या अंडाशयांत मुख्यतः एस्ट्रोजन निर्माण होतें. त्याचें कार्य झालें म्हणजे यकृत त्याचें रूपांतर करून तें शरीराबाहेर जाईल असें करतें. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन यांची घडण एस्ट्रोजनसारखी दिसते. भ्रमाचें मूळ येथेंच आहे. मुंजींत बटु भिक्षा मागतांना ‘भवति’ म्हणतो, तें संबोधन होय. एरव्हीं ‘भवति’ म्हणजे ‘होतो’, तें क्रियापद. रूप एक, अर्थ भिन्न! एस्ट्रोजन पेशींतील दोन प्रकारच्या ग्राहकांस चिकटतें. सोयाद्रव्यांची ओढ त्यांपैकीं एकाकडेच अधिक, आणि त्यांचा प्रभावही कितीतरी सौम्य.

2009 सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला. ऋतुमती स्त्रियांच्या रक्तांतील एस्ट्रॅडिऑल सोयाहारानें बदललेलें दिसलें नाहीं. ऋतुचक्र मात्र सुमारें 1 दिवसानें लांबलें. यकृतांतील रूपांतराची वाट किंचित् बदलते, असें कांहीं प्रयोगांत आढळलें, कांहींत नाहीं. सर्वांचीं शरीरें सारखीं नसतात. डेडझीनपासून इक्वॉल करणारे जंतु प्रत्येकीच्या आंतड्यांत नसतात.

आपल्याकडे हें धान्य नवें. 1935 सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींनीं त्याचे आहारप्रयोग केले. आज आपल्या जिल्ह्यांत तें खरिपाचें नेहमींचें पीक आहे. चीनमध्यें मात्र तें पिढ्यान्‌पिढ्या जेवणांत आहे. शांघायमधील, हा रोग होऊन गेलेल्या 5042 स्त्रियांचा अभ्यास 2009 मध्येंच प्रसिद्ध झाला. अधिक सोया खाणाऱ्यांत रोग उलटण्याचें प्रमाण कमी होतें. एवढ्यावरून सोया औषध ठरत नाहीं; पण विष खासच नव्हे.

तथापि अन्न निराळें व अर्काच्या गोळ्या निराळ्या. गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत. थायरॉइडचें औषध घेणाऱ्या भगिनींनीं तें व सोयाचे पदार्थ यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें, कारण सोयामुळें तें औषध अंगीं कमी लागतें.

बहिणीनें आपल्या डॉक्टरांस विचारलें. अन्न म्हणून खाण्यास त्यांनीं हरकत घेतली नाहीं. परवां तिच्याकडे गेलों, तेव्हां गिरणीचा डबा भरणें चाललें होतें. सोयाबीनची मूठ सूनबाईंनींच टाकिली.